नाव न घेता बोलावलेला

मानवत
१० डिसेंबर २०२५

चि. हरिओम,

आशीर्वाद. पत्र बघून दचकू नको, घरी सगळे धडधाकट आहेत. हे फोनवर बोलता आलं नसतं. तुझा फोन आला म्हटलं की आत्याबाई हातातलं काम टाकून येतात आणि आवाज मोठा करायला लावतात. कोकण म्हटलं की सासूबाईंचे कान इतके तीक्ष्ण होतात. म्हणून शाळेत मधल्या सुट्टीत लिहितेय. उत्तरही शाळेच्याच पत्त्यावर धाड.

मामांनी आता मनावर घेतलंय. तुझे दाजी जाऊन तीन वर्षं झाली. 'जाऊन' लिहिलं खरं, पण कुठं गेले ते कुणाला ठाऊक आहे? एका रविवारी दिवेआगरच्या खोलीवरून सायकल घेऊन निघाले, हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर सायकल आणि चपला सापडल्या, पोलिसांनी समुद्राकडं बोट दाखवलं आणि विषय मिटवला. पौषातल्या अवसेला लेकाचा पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी द्यायचा, असं मामा म्हणतात.

आत्याबाईंची मात्र अट आहे. त्यांच्या माहेरी, राणीसावरगावला, परमुलखात मेलेल्याला आधी घरी आणतात. जिथं माणूस गेला तिथली मूठभर माती घ्यायची, त्याला हाक मारायची, 'चल घरी' म्हणायचं आणि मागं न बघता निघायचं. प्रत्येक वळण सांगायचं, प्रत्येक गावाचं नाव सांगायचं. आपण चहा घेतला तर त्याच्यासाठीही ठेवायचा. मेलेल्याला रस्ते आठवत नाहीत म्हणे. आत्याबाई मामांना म्हणाल्या, "पानं जाळून काय करताव? सूर्यभान तितंच वाट बगत बसंल." मामांनी उघडलेलं पंचांग मिटलं.

तू त्यांच्यासारखाच तिकडं मास्तर, दीड तासावर राहतोस. हे काम तुझ्यावरच येतं. सायकलवर गेले, तर सायकलवरूनच आणायचे, ज्या रस्त्यानं गेले त्याच रस्त्यानं, त्यांच्या खोलीपर्यंत. पुढं इकडच्या कुणाच्या तरी हवाली कर.

मला पुतळ्याचं अप्रूप नाही. मला एकदा काय ते कळू दे, एवढंच. आता संक्रांत येईल. गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाला सांगायला येतात आणि आमच्या दारात त्यांची जीभ अडखळते. गेल्या वर्षी एकीनं माझ्या कपाळापर्यंत बोट आणलं आणि तसंच मागं घेतलं. तिची काही चूक नाही. मी कोण आहे हे मलाच सांगता येत नाही, तर तिला कसं कळावं? भक्ती दहा वर्षांची झाली, तिलाही काहीतरी उत्तर द्यावं लागेल.

तुझी अक्का

*

म्हसळा
२९ डिसेंबर २०२५

प्रिय अक्का,

नमस्कार. काम झालं. माती नव्हे, वाळू मिळाली. मडक्यात घालून, तोंडाला फडकं बांधून माणगावच्या स्टँडवर भुजंग सरांच्या हवाली केली. ते पाथरीला सुट्टीवर निघालेत, जाता जाता मानवतला उतरतील. सज्जन माणूस आहे, काही विचारलं नाही. 'आता पुढं यांच्यासोबत जायचं' असं मी मडक्याला सांगितलं तेव्हा तेवढं त्यांनी आभाळाकडं पाहिलं.

आता कालचा दिवस सांगतो. सायकल मासळीच्या टेम्पोत टाकून पहाटेच हरिहरेश्वर गाठलं. सायकलचा आरसा आदल्या दिवशीच सोडून ठेवला होता, न जाणो सवयीनं नजर जायची. मला वाटलं होतं शांत किनारा असेल, चार माणसं असतील, मन लावून हाक मारता येईल. कसलं काय! नाताळच्या सुट्टीतला रविवार. अख्खं पुणं आणि अर्धी मुंबई समुद्र बघायला लोटलेली. घोडागाड्या, चार चाकांच्या फटफट्या, पाण्यावर ओढत न्यायच्या त्या पिवळ्या होड्या, भेळ, नारळपाणी. आपल्याकडचेही पुष्कळ होते. एक बाई पाण्यात उभं राहून "लय गार हाय वो" म्हणाली आणि मला घरचं अंगण आठवलं. त्या सगळ्या गर्दीत मी वाळू उचलली, हाक मारली आणि पाठ फिरवली.

तुला माहीत आहे, मी विज्ञान शिकवतो. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण मागं बघितलं नाही एवढं खरं.

पहिला चहा तिथंच घेतला, दोन कप. एक प्यायलो, एक शेजारी ठेवला. मग "श्रीवर्धनच्या रस्त्याला लागायलोय" असं मोठ्यानं सांगत निघालो. गाड्यांची रांग मुंगीच्या चालीनं सरकत होती, त्यामुळं सायकलवाला मीच राजा. चढावर मात्र फेस आला. श्रीवर्धनला नाक्यावर कोकम सरबत घेतलं, दोन ग्लास. सरबतवाला माझ्या खांद्यावरून मागं बघत म्हणाला, "तुमचा माणूस कधीचा उभाच आहे. त्यांना बाकावर बसायला सांगा ना." मला वाटलं, त्याला दुसरंच कुणी दिसलं असेल. रांग मोठी होती. मी म्हटलं, "बसा." आणि बाकावर थोडा सरकलो. का सरकलो ते विचारू नको.

आरावीपासून रस्ता समुद्राला लागून जातो. डावीकडं पाणी, उजवीकडं डोंगर, आणि जिथं जागा मिळेल तिथं गाडी उभी करून फोटो काढणारी माणसं. शेखाडीच्या चढावर एका गाडीनं माझ्या बरोबरीनं वेग कमी केला. काच खाली झाली. चालवणारा गृहस्थ रागावला होता. "अहो, जरा माणुसकी ठेवा," तो म्हणाला. "त्या म्हाताऱ्याला मागं बसवा की. अनवाणी पळतोय बिचारा तुमच्यामागं."

अक्का, मी मागं बघितलं नाही. सायकल थांबवून उतरलो, कॅरिअरवरची पिशवी पुढं अडकवली आणि म्हटलं, "बसा." सायकल जड झाली असं मी लिहिणार नाही, कारण चढ होताच. पण भरडखोलपर्यंत मी फक्त वळणं सांगत राहिलो. दाजींच्या चपला किनाऱ्यावर राहिल्या होत्या ना, म्हणून अनवाणी. आणि तीन वर्षं पाण्यात काढलेला माणूस म्हातारा दिसणारच, अशी मी मनाची समजूत घातली.

दिवेआगरला तर पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येक अंगणात 'घरगुती जेवण'ची पाटी आणि प्रत्येक पाटीखाली वाट बघणारी बिऱ्हाडं. एका खानावळीत बऱ्याच वेळानं कोपऱ्यात जागा मिळाली. दाजी माळकरी, म्हणून शाकाहारी दोन ताटं सांगितली. वाढणाऱ्या बाईंनी माझ्यापुढं डाळभात ठेवला आणि समोरच्या रिकाम्या जागी सुरमईचं ताट. मी म्हटलं, बाई, दोन्ही साधी सांगितली होती. त्या म्हणाल्या, "ह्यांनी शेजारच्या ताटाकडे बोट दाखवलं, म्हटलं तेच हवं असेल." आणि दुसऱ्या पंगतीकडं गेल्या. मी हसून घेतलं. समुद्रात राहून दाजी बाटले म्हणायचे! पण माझा डाळभात तसाच ठेवून, दोन्ही ताटांचे पैसे देऊन उठलो.

संध्याकाळी त्यांच्या खोलीच्या दाराला हात लावून, "ही तुमची खोली" सांगून बोर्लीला आलो, सायकल तिथंच ठेवून एसटीनं माणगाव. आत्याबाईंना सांग, आणलंय. आता तरी त्यांना झोप लागू दे.

तुझा
हरिओम

*

मानवत
६ जानेवारी २०२६

चि. हरिओम,

भुजंग सर येऊन गेले. मडकं देवळीत ठेवलंय. त्या दिवशी आत्याबाईंनी उंबऱ्यावर पाणी घातलं, "ये रे माझ्या राजा" म्हणाल्या आणि भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. मी भिंतीला टेकून उभी होते. मला काहीच वाटलं नाही, आणि त्याचीच मला लाज वाटली. तुझं पत्र त्यानंतर दोन दिवसांनी आलं.

त्याआधीच कडी वाजायला लागली होती. रोज दिवेलागणीला, एकदाच, हळू. भक्ती दार उघडते तर ओटा रिकामा. मामा म्हणतात वारा आहे. आत्याबाई पहिल्या दिवशी धावत गेल्या, दुसऱ्या दिवशी चालत गेल्या, तिसऱ्या दिवशी जागच्या हलल्या नाहीत. मला म्हणाल्या, "माजा लेक कडी वाजवायचा न्हाई. खांद्यानं दार ढकलायचा. ह्ये कुनीतरी परकं हाय, आत येऊ का म्हून इचारायलंय."

मग मी त्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. कोकणातल्या गर्दीचं त्यांनी ऐकून घेतलं. 'म्हाताऱ्याला' या शब्दावर त्यांनी माझा हात धरला. आणि मासळीच्या ताटापाशी मला थांबवलं. तुला तर माहीत आहे, यांच्या पानाशेजारी कुणी अंडं खाल्लं तरी हे उठून जायचे. अडतिसाव्या वर्षी गेलेला माणूस, मेला तरी म्हातारा होत नाही रे. मेलेले तेवढ्याच वयाचे राहतात, असं आत्याबाई म्हणतात, आणि मला ते पटतं.

कुणीतरी दुसराच आलाय आपल्याकडं. समुद्राकडंच राहणारा असावा, मासळी खाणारा. तू बोलावलंस म्हणून एवढा रस्ता अनवाणी तुडवत आला आणि आता आमच्या ओट्यावर उभा आहे. आत्याबाई रोज कडी वाजली की भाकरी आणि तांब्याभर पाणी बाहेर ठेवतात. म्हणतात, आलेल्याला उपाशी कसं ठेवायचं. मामांनी अवसेचं काम पुढं ढकललं.

आता मला खरं सांग. तू हाक काय मारलीस?

अक्का

*

म्हसळा
१३ जानेवारी २०२६

प्रिय अक्का,

'दाजी, चला घरी' अशी मारली.

तुझं पत्र वाचलं आणि सगळं लख्ख कळलं. तुझं लग्न झालं तेव्हा मी नववीत होतो. तेव्हापासून दाजी म्हणजे दाजीच. त्यांचं नाव माझ्या तोंडून कधी निघालं नाही. वाळूत उभं राहून नाव घ्यायचा प्रयत्न केला, जिभेवर आलंही, पण लहान तोंडी मोठा घास वाटला. म्हटलं, ओळखतील की माझा आवाज. आणि ज्या पाण्यात वर्षानुवर्षं किती घरची माणसं गेली असतील, त्या पाण्यासमोर मी नुसतं 'दाजी' म्हणून ओरडलो. तोही कुणाचा तरी दाजी असेल, बायकोचा भाऊ कधी येतो याची वाट बघत असेल, आला बिचारा.

तू काळजी करू नको. मडकं परत पाठव. फेब्रुवारीत मी पुन्हा जातो, यावेळी नाव घेतो. तू मात्र येऊ नको. इथले चढ तुला झेपणार नाहीत, गर्दी फार असते, राहायची सोय मिळत नाही. आणि आलीसच तर दिवेआगरच्या खोलीवर जाऊ नको. तिथल्या मालकीणबाई तोंडाळ आहेत, उगाच काहीबाही बोलतात. माझं एवढं ऐक.

उद्या संक्रांत. तिळगूळ घे.

हरिओम

*

मानवत
१ फेब्रुवारी २०२६

चि. हरिओम,

मी जाऊन आले. तुला कळवलं असतं तर तू आडवा पडला असतास. एकाच पत्रात इतक्या कारणांनी 'येऊ नको' लिहिणारा माणूस काहीतरी झाकत असतो, हे आपल्या आईनं मला शिकवलंय. भक्तीला आत्याबाईंकडं ठेवलं, शाळेत आजारपण कळवलं आणि नोकरीत पहिल्यांदा झेंडावंदन चुकवलं.

मडकं मांडीवर घेऊन गेले. वाटेत सगळी स्टेशनं, सगळे स्टँड म्हाताऱ्याला सांगितले. रविवारी सकाळी हरिहरेश्वरला वाळू परत वाळूत ओतली. म्हटलं, आजोबा, माझा भाऊ चुकला. तुमच्या घरचं कुणी आलं, तुमचं नाव घेऊन बोलावलं, तरच जा. आमच्याकडं जे खाल्लंत ते गोड मानून घ्या. मग दुसऱ्या ठिकाणची मूठभर वाळू घेतली आणि समुद्राकडं तोंड करून उभी राहिले.

लग्नाला बारा वर्षं झाली. उखाण्यातसुद्धा मी ते नाव पुटपुटले होते. सभोवती पोरं किंचाळत होती, घोडे पळत होते, कुणी लग्नाआधीचे फोटो काढून घेत होतं. मी पदर खोचला आणि पोटातून ओरडले, "सूर्यभान, चला घरी." आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. मी पुन्हा ओरडले. तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा मला ते नाव माझंच वाटायला लागलं होतं.

लॉजवाल्याकडून सायकल भाड्यानं घेतली, दिवेआगरहून टेम्पोनं परत धाडायच्या बोलीवर. लहानपणी सेलूच्या मोंढ्यातून कापसाच्या गाड्या चुकवत शिकलेली सायकल अंगात असतेच रे. चढावर उतरून ढकलली. वळणं सांगितली, गावं सांगितली. श्रीवर्धनला तुझा तो सरबतवाला शोधला, दोन ग्लास घेतले आणि त्याला विचारलं, माझ्यामागं कुणी उभं आहे का. तो चांगला निरखून म्हणाला, "नाही ताई, एकट्याच आहात तुम्ही."

आरावीला विचारलं. तिथंही नाही. शेखाडीच्या चढावर लांबच लांब गाड्या होत्या. एकीची काच ठोठावून मी एका बाईंना विचारलं. त्यांना मी वेडी वाटले असणार. त्यांनी पाण्याची बाटली पुढं केली आणि म्हणाल्या, मागं कुणी नाही. तेव्हा मी रीत मोडली. मान वळवून मागं बघितलं. गाड्या होत्या, माणसं होती, उन्हात चमकणारं पाणी होतं. माझ्या पाठीशी म्हणावं असं कुणी नव्हतं.

हरिओम, परका म्हातारा नुसत्या 'दाजी'वर इतका रस्ता पळत आला. आणि ज्याच्या बायकोनं जन्मात पहिल्यांदा नाव घेऊन बोलावलं, तो आला नाही. मी रस्त्याकडेच्या कठड्यावर बसून किती वेळ विचार केला. पाण्यात असते तर आले असते.

मग मी दिवेआगरला त्या मालकीणबाईंकडं गेलेच. तोंडाळ नाहीत त्या. त्यांनी मला जेवू घातलं. म्हणाल्या, सरांना इथून जायचंच नव्हतं. इथल्या सगळ्या मराठवाड्याच्या मास्तरांचे डोळे बदलीकडं लागलेले, आणि हे बदलीला नावच देत नव्हते. दर उन्हाळ्यात आम्हाला घरी सांगायचे, यंदाही झाली नाही. मी दर उन्हाळ्यात त्या बदलीसाठी उपास धरायचे. मालकीणबाईंना ते एकदा म्हणाले होते, "इथं मी कुणाचा कोण ते कुणाला ठाऊक नसतं, फार बरं वाटतं." हे सगळं त्यांनी तुला दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. तू ते पोटात ठेवलंस. मला विधवा म्हणून जगणं सोपं जाईल असं तुला वाटलं असणार. कदाचित गेलंही असतं. माझा तुझ्यावर राग आहे, तो काही दिवस राहील, मग मी फोन करेन.

मडक्यातली वाळू मी तिथंच अंगणातल्या नारळाखाली टाकली.

घरी पोचले तेव्हा आत्याबाई दारात तांब्या घेऊन उभ्याच होत्या, माझ्या मागं बघत. भक्ती त्यांचा पदर धरून होती. त्यांनी विचारलं, "आला का गं?"

मी म्हटलं, "न्हाई आत्याबाई. तिथं न्हाईतच ते."

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं. "मंग जित्तं हाय माजं लेकरू," त्या म्हणाल्या. "कुटं बी असंल, पर जित्तं हाय." त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला बघवेना. त्यांना मुलगा मिळाला, आणि त्याच घडीला माझा नवरा गेला. मी दारातच बसले आणि इतके दिवस आलं नव्हतं तेवढं रडू एकदम आलं. आत्याबाईंना वाटलं मी आनंदानं रडतेय. त्या माझी पाठ थोपटत राहिल्या आणि आतून मामांना साखरेचा डबा आणायला सांगितला. भक्तीच्या हातावर चिमूटभर ठेवली, मग माझ्या. मी ती खाल्ली.

तुझी अक्का